स्क्रीनवरचा रंग कागदावर उतरवताना

हळदीचा फोटो स्क्रीनवर झळझळीत दिसतो आणि प्रिंट हातात घेतला की पिवळा हिरवट झालेला असतो. शालूचा लाल विटकरीकडे झुकतो, सावळ्या चेहऱ्यावर राखाडी झाक येते आणि सगळा फोटोच काळपट वाटतो. मग आपण फोटो पुन्हा उघडतो, ब्राइटनेस वाढवतो, थोडा लाल टाकतो, पुन्हा छापतो. तिसऱ्या-चौथ्या प्रिंटला जमल्यासारखं वाटतं. पण पुढचा फोटो घेतला की तीच कसरत पहिल्यापासून सुरू होते, कारण दोष यंत्रांच्या जुळणीत होता आणि आपण दुरुस्त करत होतो फोटो.

घरी किंवा छोट्या स्टुडिओत सहा रंगांच्या इंकटँक प्रिंटरवर छापणाऱ्यांसाठी आणि अल्बमचं काम लॅबकडे पाठवणाऱ्या फोटोग्राफरसाठी हा लेख आहे. त्यात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, तो म्हणजे क्रमाचा. आधी खोलीतला उजेड, मग मॉनिटर, मग फाइल, मग प्रिंटर आणि कागद. फोटोच्या रंगांना हात लावायचा तो या सगळ्यानंतर. हा क्रम पाळला तर महागडं सामान नसतानाही निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतात. तो मोडला तर कितीही महाग मॉनिटर घेतला तरी उपयोग होत नाही.

रंग बदलतो कुठे?

मॉनिटर लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग तयार करतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. साध्या आयपीएस मॉनिटरवर पांढरा हा काळ्यापेक्षा साधारण १००० पट उजळ असतो. चांगल्या ग्लॉसी कागदावर हेच प्रमाण २०० पटींच्या आसपास राहतं आणि मॅट कागदावर त्याहून बरंच कमी. म्हणून स्क्रीन आणि प्रिंट तंतोतंत सारखे होणार नाहीत, हे आधीच मान्य करावं. जे साध्य होतं ते असं: प्रिंट पाहून धक्का बसू नये आणि फरक कुठे, किती पडणार हे छापण्याआधीच कळावं.

दुसरी अडचण आकड्यांची. फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. लाल २००, हिरवा १२०, निळा ९० हे आकडे तुमच्या मॉनिटरवर एक रंग दाखवतात आणि शेजारच्या मॉनिटरवर दुसराच. हा गोंधळ सोडवण्यासाठी १९९३ मध्ये अडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी ही संस्था स्थापन केली. आज आपण वापरतो ते आयसीसी प्रोफाइल तिथूनच आले. प्रोफाइल म्हणजे एखाद्या यंत्राचा रंगस्वभाव नोंदवलेली छोटी फाइल. अमुक आकडे दिले की हे यंत्र प्रत्यक्षात कोणता रंग दाखवतं, हे त्यात लिहिलेलं असतं. कॅलिब्रेशन ही त्याआधीची पायरी आहे. यंत्राला ठरावीक स्थितीत आणणं म्हणजे कॅलिब्रेशन आणि त्या स्थितीतला त्याचा स्वभाव नोंदवणं म्हणजे प्रोफाइलिंग. स्थिती बदलली की नोंद खोटी ठरते. म्हणून कॅलिब्रेशननंतर मॉनिटरच्या बटणांना हात लावायचा नाही.

तिसरी अडचण आपलाच डोळा. पिवळ्या बल्बखाली थोडा वेळ बसलं की पांढरा कागद आपल्याला पांढराच दिसू लागतो. डोळ्याचा हा गुण जगायला उपयोगी आहे, पण रंग मोजायच्या कामात तो दगा देतो. काटा चुकलेल्या तराजूवर कितीही काळजीपूर्वक तोललं तरी माप चुकतंच. इथे तो तराजू म्हणजे आपली नजर. म्हणून जिथे मोजता येईल तिथे यंत्राने मोजावं आणि आवडीनिवडीचा निर्णय मात्र डोळ्यावर सोपवावा.

आधी खोलीतला उजेड

मॉनिटरवर खिडकीचं ऊन किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत असेल तर टेबल फिरवा. खिडकी स्क्रीनच्या समोर नको आणि पाठीमागेही नको. ती बाजूला असावी आणि तिला पडदा असावा. मॉनिटरच्या मागची भिंत गडद गुलाबी किंवा पोपटी असेल तर तिच्या रंगाचा परिणाम नजरेवर होतो. राखाडी किंवा फिकट, रंगहीन भिंत उत्तम. संगणकाचा वॉलपेपरही मध्यम राखाडी ठेवा. रंग ठरवताना भडक टी-शर्ट नको, कारण त्याचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं. ही काळजी अवाजवी वाटेल, पण बिनखर्ची आहे आणि तिचा फरक दिसतो.

मॉनिटर: प्रिंट काळपट येण्याचं पहिलं कारण

‘प्रिंट डार्क येतो’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि बहुतेक वेळा त्यात प्रिंटरचा दोष नसतो. नवा मॉनिटर कारखान्यातून पूर्ण ब्राइटनेसवर येतो. सर्वसाधारण मॉनिटरची ही पातळी २५० ते ३५० निट असते. निट म्हणजे कँडेला प्रति चौरस मीटर, उजळपणाचं माप. आता घरातली साधी खोली घ्या. टेबलावर १५० लक्स उजेड पडत असेल तर पांढऱ्या फोटो पेपरवरून डोळ्यांकडे येणारा उजेड जेमतेम ४३ निट भरतो. म्हणजे स्क्रीन ३०० निटवर असेल तर तिथला पांढरा हा कागदाच्या पांढऱ्यापेक्षा सात पट उजळ. अशा स्क्रीनवर फोटो एडिट करताना आपण नकळत तो गडद करत जातो आणि प्रिंट काळा येतो.

छपाईच्या कामासाठी मॉनिटर ८० ते १२० निटवर ठेवावा. अंधाऱ्या खोलीत ८०च्या जवळ, उजेडाच्या खोलीत १२०च्या जवळ. पहिले दोन दिवस स्क्रीन मंद वाटेल, मग डोळा रुळतो.

सुरुवात अशी करा. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, कारण गरम होईपर्यंत त्याचा रंग आणि उजेड स्थिर नसतो. नाइट लाइट, नाइट शिफ्ट, ट्रू टोन, आपोआप ब्राइटनेस बदलणारी सोय, डायनॅमिक काँट्रास्ट, इको मोड, एचडीआर हे सगळं बंद करा. मॉनिटरच्या मेन्यूत ‘व्हिव्हिड’ किंवा ‘गेम’ असेल तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘कस्टम’ निवडा.

मोजायचं यंत्र नसेल तर एवढं तरी करा. खोलीत तुम्ही प्रिंट जिथे पाहता तिथल्या उजेडात एक कोरा फोटो पेपर मॉनिटरशेजारी धरा आणि स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा. स्क्रीनचा पांढरा कागदाइतका उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. नंतर विंडोजमधलं ‘कॅलिब्रेट डिस्प्ले कलर’ किंवा मॅकमधला डिस्प्ले कॅलिब्रेटर चालवून गॅमा आणि राखाडी रंग जुळवा. शेवटी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी उघडून पाहा. मधेच कुठे गुलाबी किंवा हिरवी झाक दिसली, किंवा काळ्याकडचे टप्पे एकमेकांत मिसळून गेले, तर काम अजून बाकी आहे.

खरं काम कलरिमीटरने होतं. स्क्रीनवर ठेवायचं हे छोटं यंत्र कॅलिब्राइट किंवा डेटाकलर स्पायडर या नावांनी मिळतं. नवा मॉनिटर घ्यायचा की कलरिमीटर, असा प्रश्न असेल तर आधी कलरिमीटर घ्या. चार फोटोग्राफरांनी मिळून एक घेतला तरी सगळ्यांचं भागतं. त्यासोबतचं सॉफ्टवेअर चालतंच, पण आर्गिल सीएमएस आणि त्यावर आधारलेलं डिस्प्लेकॅल ही मोफत मिळणारी साधनंही उत्तम आहेत. सॉफ्टवेअर विचारेल तेव्हा ही उद्दिष्टं द्या: व्हाइट पॉइंट ६५०० केल्व्हिन म्हणजे डी६५, गॅमा २.२, उजळपणा १०० निट. बॅकलाइटचा प्रकार विचारला तर आपल्या मॉनिटरचा खरा प्रकार निवडा, म्हणजे साधा व्हाइट एलईडी, वाइड गॅमट एलईडी किंवा ओलेड. इथे चूक झाली तर यंत्र चुकीचं मोजतं. उजळपणा आधी मॉनिटरच्या बटणाने १०० निटपर्यंत आणा, मग लाल-हिरव्या-निळ्याची पातळी जुळवा आणि उरलेली बारीक दुरुस्ती सॉफ्टवेअरवर सोडा.

शेवटी सॉफ्टवेअर ‘डेल्टा ई’ नावाचा आकडा देतं. हवा असलेला रंग आणि प्रत्यक्ष दिसलेला रंग यांतलं हे अंतर. १ म्हणजे डोळ्याला जेमतेम कळणारा फरक. सरासरी २च्या खाली असेल तर निश्चिंत कामाला लागा. वाइड गॅमट मॉनिटर असेल तर एक लक्षात ठेवा: जी सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचत नाहीत, त्यांच्यात सगळे रंग भडक दिसतील. रंगाचा निर्णय फोटोशॉप, लाइटरूमसारख्या प्रोफाइल मानणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच घ्या.

फाइल: प्रोफाइल सोबत आहे ना?

एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेली एसआरजीबी ही रंगांची जागा आज सर्वत्र चालते. १९९८ ची अडोबी आरजीबी तिच्यापेक्षा मोठी आहे, मुख्यतः हिरव्या-निळसर बाजूला. चांगल्या फोटो प्रिंटरला काही गडद पिवळे, केशरी आणि निळसर-हिरवे रंग एसआरजीबीच्या बाहेरचेही छापता येतात. म्हणून झेंडू, हळद, मोरपंखी पैठणी असे फोटो स्वतःच्या प्रिंटरवर छापणार असाल तर रॉ फाइलवरून अडोबी आरजीबीत, १६ बिटमध्ये काम करा. लॅबला किंवा व्हॉट्सॲपवर द्यायचं तेव्हा एसआरजीबीत बदलून द्या.

बदलताना ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ वापरा, ‘असाइन प्रोफाइल’ नाही. कन्व्हर्ट केल्यावर रंग राहतो आणि आकडे बदलतात. असाइन केल्यावर आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. फाइल सेव्ह करताना प्रोफाइल एम्बेड करण्याची खूण करायला विसरू नका. अडोबी आरजीबीची फाइल प्रोफाइलशिवाय गेली की पुढचं यंत्र तिला एसआरजीबी समजतं आणि सगळे रंग विटल्यासारखे छापले जातात.

आणखी एक सवय मोडायला हवी. फ्लेक्स किंवा ऑफसेटचं काम केलेले बरेच जण फोटो आधी सीएमवायकेत बदलतात. घरचा इंकजेट प्रिंटर आतून निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शाया वापरत असला तरी त्याचा ड्रायव्हर आरजीबी फाइलचीच अपेक्षा करतो. तुम्ही सीएमवायकेत बदलून दिलेली फाइल तो पुन्हा आरजीबीत आणतो आणि मधल्यामध्ये रंग गमावतो. फोटो आरजीबीतच राहू द्या.

प्रिंटर, शाई आणि कागद: तिघांचा एकच प्रोफाइल

प्रोफाइल नुसत्या प्रिंटरचा नसतो. प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमधलं सेटिंग या सगळ्यांचा मिळून एक प्रोफाइल असतो. यातलं एक बदललं की तो लागू राहत नाही. कंपनीच्या शाईऐवजी दुसरी शाई भरली, किंवा कंपनीचा ग्लॉसी पेपर संपला म्हणून बाजारातला २३० जीएसएमचा कागद घातला, तर ड्रायव्हरसोबत आलेला प्रोफाइल आता दुसऱ्याच जोडीचं वर्णन करतो. स्वस्त शाई किंवा कागद वापरण्यात काही चूक नाही, पण मग त्या जोडीचा स्वतंत्र प्रोफाइल हवा आणि ती जोडी वारंवार बदलू नये.

छापण्याआधी नोझल चेक काढा. एक रेघ जरी तुटलेली असली तरी रंग चुकणार, त्यामुळे हेड क्लीनिंग करून पुन्हा तपासा. ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप योग्य निवडा, कारण कागदावर किती शाई ओतायची हे त्यावरून ठरतं. ग्लॉसी कागदाला ‘प्लेन पेपर’ दिलं तर फोटो फिका येतो आणि मॅटला ग्लॉसीचं सेटिंग दिलं तर शाई पाझरते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रंगाचा कारभार एकाच्याच हाती द्या. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ निवडून कागदाचा प्रोफाइल दिला असेल, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी ‘नो कलर ॲडजस्टमेंट’ असा पर्याय असतो. दोघांनीही दुरुस्ती केली की प्रिंटवर गुलाबी-लालसर झाक चढते. अनेक घरांतल्या बिघडलेल्या प्रिंटचं मूळ एवढंच असतं.

स्वतःच्या कागदाचा प्रोफाइल करून घ्यायचा असेल तर रंगीत चौकटींचा चार्ट छापावा लागतो आणि तो स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजावा लागतो. हे यंत्र महाग असतं, त्यामुळे विकत घेण्याऐवजी चार्ट छापून प्रोफाइल बनवून देणाऱ्या सेवेकडे पाठवणं परवडतं. चार्ट छापताना कोणतीही रंगदुरुस्ती चालू नको आणि मीडिया टाइप व क्वालिटी पुढे कायम वापरणार तीच हवी. छापलेला चार्ट एक दिवस वाळू द्या, विशेषतः डाय शाईचा, कारण वाळताना तिचा रंग थोडा सरकतो. पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, कागद मूळ पाकिटात बंद ठेवा आणि वाळायला जास्त वेळ द्या. दमट कागदावर शाई वेगळी बसते.

छापण्याआधी सॉफ्ट प्रूफ

फोटोशॉप आणि लाइटरूममध्ये कागदाचा प्रोफाइल निवडून, तो फोटो त्या कागदावर कसा दिसेल हे स्क्रीनवरच पाहता येतं. यालाच सॉफ्ट प्रूफ म्हणतात. ‘सिम्युलेट पेपर कलर’ची खूण केली की फोटो अचानक फिका पडतो आणि अनेकजण घाबरून ती काढून टाकतात. खूण राहू द्या, बाजूच्या पांढऱ्या खिडक्या झाका आणि डोळ्याला थोडा वेळ द्या. जे दिसतंय ते प्रिंटच्या बरंच जवळचं आहे.

इथेच रेंडरिंग इंटेंट ठरवायचा. कागदावर न बसणाऱ्या रंगांचं काय करायचं, याचा तो नियम. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ बसणारे रंग तसेच ठेवतो आणि बाहेरचे काठावर आणतो. ‘परसेप्च्युअल’ सगळेच रंग थोडे आत ओढून त्यांचं आपसातलं नातं जपतो. चेहऱ्यांच्या फोटोंना पहिला बहुधा चांगला ठरतो. भडक राणी रंगाच्या साडीच्या घड्या सपाट होत असतील तर दुसरा वापरून पाहा. ‘ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन’ चालू ठेवा. दोन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहायला मिनिटभर लागतं आणि कागद एकही लागत नाही.

प्रिंट कुठल्या उजेडात पाहायचा?

छपाई उद्योगात प्रिंट पाहण्यासाठी आयएसओ ३६६४ हे मानक आहे. त्यात ५००० केल्व्हिनचा डी५० प्रकाश आणि काटेकोर तुलनेसाठी २००० लक्स सांगितले आहेत. घरी एवढं करायची गरज नाही. ५००० केल्व्हिनचा, रंग नीट दाखवणारा म्हणजे सीआरआय ९०च्या वरचा एलईडी दिवा आणि कागदावर ४००-५०० लक्स उजेड पुरतो. दिवसा थेट ऊन नसलेली खिडकीही चालते. प्रिंट स्क्रीनला चिकटवून तुलना करू नका. आधी स्क्रीन पाहा, मग वळून प्रिंट पाहा.

एकाच प्रिंटमधला राखाडी दुकानातल्या दिव्याखाली हिरवट आणि घरी ठीक दिसत असेल तर तो उजेडाचा परिणाम आहे. काही कागदांत पांढरेपणासाठी चमक आणणारी द्रव्यं असतात. ती अतिनील किरणांत निळसर दिसतात आणि साध्या एलईडीखाली तसा परिणाम दिसत नाही. प्रिंट ज्या भिंतीवर लागणार आहे तिथल्या उजेडात एकदा पाहूनच अंतिम निर्णय घ्या.

लॅबकडे पाठवताना

लॅबचं यंत्र फोटो पेपरवर लेसरसारख्या प्रकाशाने रंग उमटवतं आणि त्याचा प्रोफाइल आपल्या हातात नसतो. म्हणून लॅबला विचारा: फाइल कोणत्या रंगजागेत हवी, तुमचा प्रोफाइल सॉफ्ट प्रूफसाठी मिळेल का? बहुतेक ठिकाणी एसआरजीबी जेपेग, ३०० पीपीआय चालते. ऑपरेटर डोळ्याने किंवा यंत्र आपोआप रंग बदलत असतं, त्यामुळे ऑर्डरवर ‘करेक्शन करू नये’ असं स्पष्ट लिहा. १२ बाय ३६ चा अख्खा अल्बम देण्याआधी त्यातलेच काही फोटो ४ बाय ६ मध्ये छापून घ्या. नमुन्यात एक कृष्णधवल फोटो नक्की असू द्या. राखाडीत आलेली झाक रंगीत फोटोत लपते, कृष्णधवलमध्ये लगेच उघडी पडते.

नमुन्याचे चेहरे निवडतानाही विचार करा. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ वापरत आणि त्यावर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. गडद कांतीची माणसं त्या मापात नीट बसत नसत. आजही आपोआप दुरुस्ती सावळ्या चेहऱ्यांना उजळ करू पाहते आणि त्यांचा खरा, उबदार तपकिरी रंग राखाडी करून टाकते. आपल्या चाचणीच्या फोटोत गव्हाळ, सावळी आणि काळी कांती, पांढरं धोतर, हळदीचा पिवळा, हिरवा चुडा आणि एक राखाडी कार्ड एकत्र असावं. ज्यांचे फोटो आपण काढतो ती माणसं कागदावर स्वतःसारखी दिसली पाहिजेत. एवढी मेहनत घ्यायची ती यासाठीच.

दोष ओळखायचा कसा?

• रंग ठीक, पण सगळाच फोटो काळपट: मॉनिटर जास्त उजळ किंवा पाहण्याचा उजेड कमी.
• सगळीकडे गुलाबी-लालसर झाक: सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर दोघांचीही रंगदुरुस्ती चालू.
• रंग विटलेले: फाइलमध्ये प्रोफाइल नाही किंवा मीडिया टाइप चुकीचा.
• आडव्या रेघा, एखादा रंगच गायब: नोझल बंद.
• फक्त सावल्यांत झाक: प्रोफाइल दुसऱ्या कागदाचा किंवा शाईचा.
• एकाच उजेडात वेगळा, बाकी ठीक: दिव्याचा किंवा कागदातल्या द्रव्याचा परिणाम.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलीने तारीख, कागद, शाई, प्रोफाइल, मीडिया टाइप आणि इंटेंट लिहा. मॉनिटर महिन्यातून एकदा पुन्हा मोजा. प्रिंटरचा प्रोफाइल शाई किंवा कागद बदलला की नव्याने करून घ्या. सुरुवात आजच करायची असेल तर एकच काम पुरेसं आहे: मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून त्याचा ब्राइटनेस कोऱ्या कागदाशी जुळवा आणि गेल्या महिन्यात काळपट आलेला फोटो पुन्हा उघडा. फोटो स्क्रीनवरही तितकाच गडद दिसला, तर दोष कुठे होता याचं उत्तर मिळालं. तिथून पुढची प्रत्येक दुरुस्ती अंदाजाने नाही, समजून होईल.